गीझरची थ्री-पिन वारंवार जळणे आणि एमसीबी पडणे : वायरिंगची क्रमवार तपासणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात न्हाणीघरात गीझर बसवून वर्ष-दोन वर्षे झाली की बऱ्याच घरांतून एकाच प्रकारची तक्रार येते. ती मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की लक्षणे ऐकूनच दोष कुठे असावा याचा अंदाज येतो. बहुतेक वेळा दोष गीझरमध्ये नसतो. तो मीटरपासून गीझरपर्यंतच्या वाटेवर, एखाद्या सांध्यात, सॉकेटात किंवा अपुऱ्या जाडीच्या वायरीत दडलेला असतो. त्यामुळे थ्री-पिन बदलली, प्रसंगी नवा गीझरही आणला, तरी काही महिन्यांनी तेच पुन्हा घडते.

लक्षणे

पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे थ्री-पिन व सॉकेट तापणे. सॉकेटाच्या एका छिद्राभोवती प्लॅस्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होते आणि खोलीत कुजक्या माशासारखा वास येऊ लागतो. हा वास स्विच-सॉकेटचे प्लॅस्टिक तापल्याचा असतो. घरात मासे नसताना तो आला, तर कारण विजेच्या बोर्डात शोधावे.

दुसरे लक्षण एमसीबी पडण्याचे, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा पेटीतील स्विच आपोआप बंद होण्याचे. येथे तो किती वेळाने पडतो हे नीट पाहून ठेवावे, कारण निम्मे निदान त्यातच असते. गीझर चालू करताच पडत असेल, तर कुठेतरी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) एकमेकांस चिकटले आहेत किंवा फेज अर्थला, म्हणजे जमिनीला जोडलेल्या सुरक्षेच्या तारेला, लागली आहे. दहा-पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने पडत असेल, तर प्रश्न उष्णतेचा आहे.

तिसरे लक्षण आरसीसीबी पडण्याचे. ज्यावर चाचणीचे छोटे बटण असते, ते रुंद उपकरण म्हणजे आरसीसीबी. तो विजेची गळती ओळखतो आणि घरगुती वापरात सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. चौथे लक्षण म्हणजे पाणी तापायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागणे.

पाचवे लक्षण वेगळे काढून सांगतो, कारण ते दिसले तर पुढची कोणतीही तपासणी घरच्यांनी करावयाची नाही. नळाला, शॉवरला किंवा बादलीतील पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर न्हाणीघरातून बाहेर यावे, पायात कोरडी चप्पल घालून कोरड्या हाताने मेन स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. तोपर्यंत त्या न्हाणीघरात कोणी अंघोळ करू नये. ‘थोडासाच करंट येतो’ ही समजूत जिवावर बेतते, कारण ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध कोरड्या त्वचेपेक्षा पुष्कळ कमी असतो.

हा दोष आपल्याकडे इतका का आढळतो

आपल्या भागातील जुन्या घरांच्या न्हाण्या तांब्याच्या बंबासाठी बांधलेल्या आहेत. त्यांत धूर जायला वाट ठेवलेली असते, पाणी वाहून जायला उतार असतो, पण जड भाराच्या विजेची सोय मुळात नसते. शहापूर, वडगाव किंवा बेळगावच्या जुन्या पेठांतील लांबट घरांत मीटर रस्त्याकडच्या दाराशी आणि न्हाणी परसाकडे असते. बंब काढून गीझर बसवताना मीटरपासून स्वतंत्र वायर ओढायची तर अख्खे घर ओलांडावे लागते, म्हणून जवळच्या स्वयंपाकघरातील पॉइंटवरूनच वायर पुढे नेली जाते. ती वायर मिक्सर आणि पंख्याच्या हिशेबाने टाकलेली असते. दोष येथेच रुजतो.

पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला त्यात पावसाची भर पडते. जांभा दगड पाणी शोषून धरतो, बाहेरच्या भिंतीतील पाइपात ओल उतरते आणि जंक्शन बॉक्समधील टेप गुंडाळलेला सांधा महिनोन्‌महिने दमट राहतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

प्रथम गीझरवरील पट्टी वाचावी. त्यावर वॅट लिहिलेले असतात आणि पुढचा सर्व हिशेब त्यावर उभा आहे. २३० व्होल्टला २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर, ३००० वॅटचा सुमारे १३ अँपिअर आणि ४५०० वॅटचा इन्स्टंट गीझर जवळजवळ १९.६ अँपिअर घेतो. या तिसऱ्या प्रकारचा गीझर १६ अँपिअरच्या सॉकेटाला लावणेच चूक आहे. त्याला स्वतंत्र जाड वायर आणि थेट जोडणी हवी. तो थ्री-पिनने जोडलेला आढळला, तर पुढे तपासत न बसता वापर थांबवावा.

मग त्याच वायरीवर आणखी काय चालते ते शोधावे. गीझरचा एमसीबी खाली पाडून घरभर फिरावे आणि कोणकोणते पॉइंट बंद झाले ते लिहून ठेवावे. केवळ गीझर बंद झाला, तर वायर स्वतंत्र आहे. स्वयंपाकघरातील सॉकेट, वॉशिंग मशीन किंवा इस्त्रीचा पॉइंटही बंद झाला, तर कारण बहुधा सापडले. सकाळी गीझर आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी एकत्र चालली की एका वायरीवर १७ ते २२ अँपिअर भार येतो. १६ अँपिअरचा एमसीबी अशा वेळी पडू शकतो आणि पडला तर तो आपले काम करतो म्हणून पडतो. काही दिवस दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या वेळी लावून पाहावीत. एमसीबी पडणे थांबले, तर निदान झाले. कायमचा उपाय मात्र स्वतंत्र वायर हाच आहे.

पाणी उशिरा तापण्याची तक्रार असेल, तर आधी व्होल्टेजकडे पाहावे. गीझरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १८० व्होल्टला २००० वॅटचा गीझर जेमतेम १२२५ वॅट देतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास पूर्ण व्होल्टेजला सुमारे २१ मिनिटे लागतात, तर १८० व्होल्टला ३४ मिनिटे. एलईडी दिव्यांवरून कमी व्होल्टेज कळत नाही, कारण ते तेवढ्याच उजेडाने जळत राहतात. पंख्याची गती पाहावी. शेजारच्या घरातही पंखे मंद असतील, तर दोष वाहिनीचा आहे आणि तक्रार हेस्कॉमकडे, म्हणजे आपल्या भागातील वीज वितरण कंपनीकडे, १९१२ या क्रमांकावर करावी. कमी व्होल्टेजला गीझरचा प्रवाहही कमी होतो, त्यामुळे त्याने थ्री-पिन जळत नाही. ‘व्होल्टेज कमी म्हणून पिन जळली’ असे कोणी सांगितले, तर ते मानू नये. मोटारीचे वागणे वेगळे असते, गीझरला तो नियम लागू नाही.

थ्री-फेज जोडणीच्या घरात काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होऊ लागले, तर न्यूट्रल सुटल्याची शक्यता मोठी असते. तत्काळ मेन बंद करावा आणि हेस्कॉमला कळवावे, कारण अशा वेळी काही पॉइंटवर व्होल्टेज ४०० च्या आसपास जाऊ शकते.

थ्री-पिन आणि सॉकेट

गीझर वीस मिनिटे चालवून स्विच बंद करावा, एमसीबी पाडावा आणि मग थ्री-पिनच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागणे चालते. हात ठेवता येत नसेल, तर आतला संपर्क खराब झाला आहे. थ्री-पिन उपसून तिचे तिन्ही दांडे पाहावेत. एकच दांडा काळा किंवा निळसर पडलेला असतो. त्याच बाजूचा सॉकेटातील पत्रा किंवा वायरीचा स्क्रू ढिला असतो.

या ठिकाणी नेमके काय घडते ते समजून घ्यावे, म्हणजे अर्धवट दुरुस्ती टळेल. चांगल्या संपर्काचा विरोध जवळजवळ शून्य असतो. तो वाढून एक दशांश ओहम झाला, तरी १३ अँपिअरला त्या एका बिंदूवर सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होते. जुन्या १५ वॅटच्या झिरो बल्बला हात लावणे किती कठीण असे, हे ज्यांना आठवते त्यांना सॉकेटाच्या बंद डबीत एवढ्या उष्णतेने काय होत असेल याची कल्पना येईल. उष्णतेने पत्र्याचा ताण जातो, ताण गेला की पकड सैल होते, पकड सैल झाली की विरोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. म्हणून केवळ थ्री-पिन बदलून उपयोग होत नाही. जुना, ताण गेलेला सॉकेट नव्या थ्री-पिनलाही जाळतो. दोन्ही एकाच वेळी बदलावेत आणि वायरीचे काळे पडलेले टोक चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून मगच जोडावे, कारण काळवंडलेल्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी संपर्क चांगला होत नाही. वारंवार जळण्याच्या तक्रारींत ही दोनच कामे राहून गेलेली मला सर्वाधिक आढळतात.

खरेदी करताना १६ अँपिअरचा, आयएसआय चिन्ह असलेला सॉकेट घ्यावा. बारीक आणि जाड दोन्ही पिना बसतील असा सॉकेट मोबाइल-मिक्सरसाठी सोयीचा असला, तरी गीझरसाठी तो मी वापरत नाही, कारण दोन मापांसाठी केलेल्या पत्र्याची पकड एका मापाच्या पत्र्याएवढी घट्ट राहत नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर कधीही चालवू नये. माझे स्पष्ट मत असे की, गीझरला थ्री-पिनच नसावी. न्हाणीघराच्या बाहेर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा २० अँपिअरचा डबल-पोल स्विच बसवून वायर थेट जोडावी. जळणारा संपर्कच काढून टाकल्यावर तक्रारीचे मूळ राहत नाही.

आरसीसीबी पडत असेल तर

गीझरचा स्विच बंद करून आरसीसीबी वर उचलावा. तो तरीही पडला, तर थ्री-पिन उपसून पुन्हा पाहावे. हा फरक महत्त्वाचा आहे. साधा स्विच केवळ फेज तोडतो, न्यूट्रल गीझरला जोडलेलाच राहतो, आणि कॉइलचे आवरण फुटून न्यूट्रल टाकीला लागला असेल, तर स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडतो. थ्री-पिन उपसल्यावर तो टिकला, तर दोष गीझरच्या कॉइलमध्ये आहे. उपसूनही पडत राहिला, तर दोष भिंतीतील वायरीत किंवा घरातील दुसऱ्या उपकरणात आहे. मोठा पाऊस झाल्यावरच पडत असेल आणि उघाडीनंतर टिकत असेल, तर ओल शिरलेला जंक्शन बॉक्स शोधावा लागतो. ते काम वायरमनचे आहे.

येथे एक सल्ला हमखास मिळतो की, गीझरची अर्थ वायर काढली म्हणजे आरसीसीबी पडत नाही, किंवा आरसीसीबीच वगळून जोडणी करावी. हे कदापि करू नये. अर्थ काढल्याने गळती थांबत नाही, तिची वाट तेवढी बंद होते. मग ती टाकीवर आणि पाण्यात थांबून राहते आणि पहिला माणूस नळाला हात लावेल त्याच्या शरीरातून जमिनीत जाते.

बोर्ड उघडण्यापूर्वी थांबावे

येथपर्यंतच्या तपासण्या घरच्या माणसाने कराव्यात. यापुढे बोर्ड, एमसीबीची पेटी किंवा जंक्शन बॉक्स उघडावा लागतो आणि तेथे हात घालण्याचा अधिकार परवानाधारक वायरमनचा आहे. मेन बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते. पुढील मजकूर वायरमनकडून कोणते काम करून घ्यावे हे कळावे म्हणून देत आहे, स्वतः करण्यासाठी नव्हे.

पहिले काम एमसीबीच्या स्क्रूचे. शहाबादी फरशीपासून छतापर्यंत सगळी वायर नवी असूनही एमसीबी अर्ध्या तासाने पडतो, अशा घरांत कारण येथे सापडते. मानकानुसार १६ अँपिअरचा एमसीबी सुमारे १८ अँपिअरपर्यंत तासभर पडू नये आणि २३ अँपिअरला तासाभरात पडावा. ३००० वॅटचा गीझर एकटाच १३ अँपिअर घेत असताना तो पडत असेल, तर एक तर एमसीबी निकामी झाला आहे किंवा त्याचा स्क्रू ढिला आहे. ढिल्या स्क्रूपाशी निर्माण झालेली उष्णता आतल्या द्विधातूच्या पट्टीला पोहोचते आणि जादा भार नसतानाही ती वाकून एमसीबी पाडते. न्यूट्रलच्या पट्टीवरील स्क्रूही त्याच वेळी आवळून घ्यावेत, कारण फेजकडे सर्वांचे लक्ष जाते आणि न्यूट्रल तसाच राहतो.

दुसरे काम वायरीची जाडी पाहण्याचे. २००० ते ३००० वॅटच्या गीझरला तांब्याची किमान अडीच एमएमची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी, आणि मीटरपासून न्हाणी दूर असेल तर मी चार एमएमचीच टाकतो. २० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन ४० मीटर वायरीत, १३ अँपिअरला दीड एमएमची वायर सुमारे ८० वॅट उष्णता भिंतीत सोडते. अडीच एमएमला हाच आकडा ५० वॅट आणि चार एमएमला ३० वॅटच्या आसपास येतो. दीड एमएमच्या वायरीचे आवरण या उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि एक दिवस वाकवताच तडकते.

वायर बारीक निघाली म्हणून एमसीबी मोठा करून घेऊ नये. एमसीबी गीझरसाठी नसतो, तो भिंतीतील वायरीसाठी असतो. दीड एमएमच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर पडणे नक्की थांबेल, पण त्यानंतर भार वाढला की एमसीबीच्या आधी वायर पेटेल. ‘मोठा एमसीबी टाकून दिला, आता त्रास नाही’ असे सांगणाऱ्या वायरमनला पुन्हा बोलावू नये.

तिसरे काम सांध्यांचे. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पीळ देऊन जोडलेली आढळते. दोन धातू दमट हवेत एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतो. शिवाय तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे सांधा दर सकाळी थोडा थोडा सैल होत जातो. असा सांधा दुरुस्त करण्यात अर्थ नाही. ती वायर बाद करून मीटरच्या पेटीपासून गीझरपर्यंत सलग, मध्ये कोठेही न जोडलेली तांब्याची वायर आणि तिच्यासोबत हिरवी अर्थ वायर टाकावी. भिंत फोडायची नसेल, तर पाइप वरून नेला तरी चालतो. दिसायला थोडे खटकेल, पण पुढे दोष शोधणेही त्यामुळे सोपे जाते.

अर्थिंग

याविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण थ्री-पिनला तीन दांडे आहेत म्हणजे अर्थिंग आहे, असे अनेक घरांत गृहीत धरलेले असते. सॉकेटाच्या वरच्या छिद्रामागे कधी वायरच नसते. कधी ती पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते, आणि तो पाइप मध्ये कधीतरी बदलून प्लॅस्टिकचा झालेला असतो. सर्वांत घातक प्रकार म्हणजे सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवणे. मागे कोठेही न्यूट्रल तुटला, की गीझरच्या टाकीवर पूर्ण फेज येते.

अर्थिंगचा जमिनीतील खड्डा असला तरी तो वर्षभर सारखा काम करत नाही. खानापूरकडील मुरमाड, जांभ्याच्या जमिनीतून पाणी लवकर निचरते आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो. गोकाक, बैलहोंगलकडील काळी माती ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते. दोन्हीकडे उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घालणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. अर्थिंगचा विरोध वायरमनकडील अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा आणि आकडा लिहून ठेवावा.

आकडा का हवा, ते एका उदाहरणावरून कळेल. अर्थचा विरोध २० ओहम असेल आणि फेज टाकीला लागली, तर वाहणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी यावर पडतच नाही आणि टाकी जिवंत राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र अशा वेळीही तत्काळ पडतो. आपल्या खडकाळ भागात चांगले अर्थिंग मिळवणे अवघड असते, म्हणून न्हाणीघराच्या वायरीवर आरसीसीबी असलाच पाहिजे, आणि तो आहे म्हणून अर्थिंग सोडायचे नाही.

शेवटी गीझर

वाट निर्दोष निघाली, तरच गीझर उघडावा, तोही दुरुस्ती केंद्राच्या माणसाकडून. २००० वॅटच्या कॉइलचा विरोध सुमारे २६ ओहम आणि ३००० वॅटच्या कॉइलचा १८ ओहमच्या आसपास असावा. कॉइल आणि टाकी यांमधील आवरणाची चाचणी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने, करावी, साध्या मल्टिमीटरने ती गळती नेहमी दिसत नाही. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉइलचे आवरण तडकते. पाणी उशिरा तापते म्हणून थर्मोस्टॅट किंवा जादा उष्णतेला तोडणारा कटआउट वगळून जोडणी करून घेऊ नये, कारण त्यानंतर पाणी उकळून टाकी फुटण्याचा धोका राहतो.

कोणाला बोलवावे

मीटरपर्यंतची वायर, खांबावरील जोडणी आणि मीटरचे सील हे हेस्कॉमचे क्षेत्र आहे. त्याला घरच्या माणसाने किंवा खासगी वायरमनने हात लावू नये. मीटर स्वतः तापत असेल किंवा त्याच्याजवळ चरचर आवाज येत असेल, तर १९१२ वर कळवावे. नवा ३००० वॅटचा गीझर बसवताना बिलावरील मंजूर भार पाहावा आणि तो अपुरा असल्यास वाढवून घ्यावा. मीटरनंतरचे काम परवानाधारक वायरमनचे. त्याला बोलावताना ‘गीझर बिघडला’ एवढेच सांगू नये. एमसीबी पडतो की आरसीसीबी, किती वेळाने, कोणता दांडा काळा पडला आणि पावसाशी संबंध दिसतो का, हे सांगितले की तो योग्य साहित्य घेऊन येतो.

काम झाल्यावर गीझर सलग अर्धा तास चालवून त्याच्यासमोरच सॉकेट, डबल-पोल स्विच आणि एमसीबीच्या पेटीचे झाकण हाताने तपासावे. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे आणि मगच मजुरी द्यावी. पहिल्या आठवड्यानंतर एमसीबीचे व डबल-पोल स्विचचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून द्यायला त्याच वेळी सांगून ठेवावे, कारण नवी तांब्याची वायर स्क्रूखाली थोडी दबते आणि पहिली आवळणी तेवढ्यात सैल पडते. आरसीसीबीचे बटण त्यानंतर दर महिन्याला एकदा दाबावे. बटण दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदलून घ्यावा.